वरून आलेलं दूध

आमच्या गावात चेर्नोबिल हा शब्द निघाला की साठीपुढच्या बायका आधी पदर तोंडाला लावून हसतात आणि मग एकाएकी गप्प होतात. हसू कशाचं आणि गप्प कशानं, हे सांगायचं तर महादेवीअक्काचं सांगावं लागतं. रशियात अणुवीज करायचा कारखाना फुटला, ही बातमी काय कुठल्याही गावात आली असेल. आली आणि गेली असेल. आमच्याकडं ती अक्काच्या दुकानाच्या पायरीवर उतरली आणि तिथंच बसून राहिली.

अक्का म्हणजे आमच्या आळीतली वाणीण. लिंगायताचं घर, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगानं काटकुळी. नवरा लवकर गेला. तेव्हापासून किराणा दुकान एकटीनं चालवलं आणि पोरगी एकटीनं वाढवली. धारूरच्या बाजारातून माल यायचा. बैलगाडी दारात लागली की हिचा दरबार भरायचा. गुळाची ढेप आधी उलटी करायची आणि बुडाचा वास घ्यायची. तेलाचा थेंब तळहातावर चोळून उन्हात धरायची. डाळीचे चार दाणे दाताखाली फोडून कान देऊन ऐकायची, आवाजावरून तिला जुनी-नवी डाळ कळे म्हणे. मला काही हे पटलं नाही कधी, पण तिच्यासमोर तसं म्हणायची टाप नव्हती. अक्काचं नाक लांब होतं असं नाही, पण ते सगळ्यांच्या आधी पोचायचं.

आणि एकच प्रश्न. माल असो, माणूस असो, ढग असो. "हे आलं कुठनं?"

मी लग्न होऊन आले तेव्हा बायका तोंड बघायला आल्या. अक्कानं माझ्या हनुवटीला बोट लावून मान वर केली आणि सासूबाईंना विचारलं, "ही आली कुठनं?"

"उमापूरची हाय," सासूबाई म्हणाल्या.

"तिथलं काय बघून आनली?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या आणि मी रडले. दुसऱ्या दिवशी दुकानातून साखरेची पुडी आली, वर निरोप, की पारखून दिलीय, बिनघोर खा. ही तिची माफी. पुढं आमचे हे दूध सोसायटीचे सेक्रेटरी झाले तशी ती मला शेक्रेटरीण म्हणायला लागली. आमच्यात वयाचं अंतर मोठं, पण दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसलं की मी तिच्या पायरीवर. पुड्या बांधायची जुनी वर्तमानपत्रं असायची, त्यांच्यावरच मी वाचायला शिकले. अर्ध्या बातम्या वाचायच्या आणि अर्ध्या गिऱ्हाइकानं मिरचीसंगं नेलेल्या.

एकदा मी तिला म्हटलं, "अक्का, सगळ्यांवर एवढा शक बरा न्हाई."

ती म्हणाली, "पोत्याचं तोंड शिवल्यालं असतंय. आपलं हाय का शिवल्यालं? मग इचारावं."

तिच्या शकाला मूळ होतं. बाहत्तरच्या दुष्काळात परदेशातून लाल ज्वारी आली, सगळ्यांनी खाल्ली, अक्कानंही विकली. पुढं शिवारात गाजरगवत माजलं. लोक म्हणायचे, परदेशी धान्यासंगंच आलं ते. खरंखोटं देव जाणे. अक्काचं मात्र ठरून गेलं होतं. "धान्य खाल्लं, हागलं, इसरलं. गवत अजून हाय," असं ती चारचौघांत म्हणायची आणि बापे लोक खाली माना घालायचे.

पण तिचं नाक दर वेळी खरं ठरायचं असं नाही बरं का. टँकरची गोष्ट सांगते. विहिरी तळाला गेलेल्या, आणि गावात पहिल्यांदा पाण्याचा टँकर आला. बाया घागरी घेऊन पळाल्या. अक्का सगळ्यांच्या पुढं, पण घागर नाही, नुसता पेला. ड्रायव्हरला म्हणाली, "आधी तू पी."

बिचाऱ्यानं पेला भरला, गटागटा प्याला, म्हणाला, "लई ग्वाड हाय, अक्का."

झालं! "ग्वाड? पानी ग्वाड कावून लागतंय? साखर कारखान्याची मळी वाहिलीस व्हय ह्याच्यात?"

"अवो, ग्वाड म्हंजी खारं न्हाई वो!"

"आता शब्द फिरवू नगंस."

तिनं चाकासमोर बसकण मारली. ड्रायव्हर भडकला, टँकर मागं घेतला आणि तसाच भरलेला पुढच्या गावाला घेऊन गेला. त्या गावानं पाणी प्यालं, त्यांना काही झालं नाही. आमच्या बायांना मात्र त्या दिवशी ओढ्यात झरा उकरावा लागला. वाटीवाटीनं घागर भरताना एकेकीनं अक्काचा जो उद्धार केला तो मला इथं लिहिता येणार नाही. तेव्हापासून गावात म्हणच पडली, अक्काचा शक आन् टँकर परत.

हे लक्षात ठेवा, कारण पुढं कुणी तिचं ऐकलं नाही ते यामुळं.

आता तो शब्द. आमच्या ह्यांना इंग्रजी शब्द पाचसहाच येत, पण ते सगळे वापरल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. दुष्काळात सोसायटीनं सभासदांना चारा दिला होता आणि तो चारा दुधाच्या बिलातून वळता व्हायचा होता. लोक केंद्रावर येऊन बिल मागायचे. रोज तेच समजावून कंटाळा आला, तसं ह्यांनी सुरू केलं, "चारा, नो बिल!" म्हणजे चारा नेलाय ना, मग आता बिल नाही. येईल त्याला हेच. पोरं रस्त्यात त्यांच्या मागं ओरडायची, चारा नो बिल, चारा नो बिल.

अक्काच्या दुकानात रेडिओ होता. संध्याकाळच्या बातम्यांना पायरीवर दहा-बारा माणसं बसायची. सेल उतरलेले, आवाज खरखरता. एके दिवशी त्या खरखरीतून बातमीदार बोलला आणि गणपत एकदम उभा राहिला.

"ऐकलं का बे? चारा नो बिल! रेडिओवर बी आलं!"

"काय सांगतू!"

"आपल्या कानानं ऐकलं की. सगळ्या देशाला लागू केलं जनू."

"तरीच सेक्रेटरी इतका जोरात व्हता!"

जमाव उठला तो थेट डेअरीवर. हे आपले दुधाचं फॅट बघायची नळी हातात धरून उभे, आणि समोर गाव. अक्कापण दुकान उघडं टाकून आलेली. कुणी विचारलं, अक्का, तुमची तर म्हैस बी न्हाई, तुमी कावून आलात? तर म्हणाली, "माझ्या रेडिओवर आलंय. जिम्मेदारी माझी."

जनावरांचे डॉक्टर तेव्हा डेअरीतच होते, गाईला सुई द्यायला आलेले. त्यांनी पेपर वाचलेला. ते पोट धरधरून हसले आणि मग त्यांनी सांगितलं, की बाबांनो, ते चारा नो बिल नाही, चेर्नोबिल. गावाचं नाव आहे, रशियातलं. तिथं अणूची वीज करायची भट्टी फुटली. आतलं विष आभाळात गेलं, वाऱ्यासंगं दुसऱ्या देशांवर गेलं, पावसासंगं खाली आलं, गवतावर बसलं. गाईंनी गवत खाल्लं आणि ते दुधात उतरलं. तिकडं लोक दूध ओतून देतायत. पोटात गेलं तरी माणूस लगेच मरत नाही, लई वर्षांनी कळतं.

बिल बुडत नाही म्हटल्यावर बाप्यांचा जीव भांड्यात पडला. हसत, एकमेकांना ढोसत निघाले सगळे. अक्का हलली नाही. मी ह्यांचा डबा घेऊन गेले होते, मी तिच्या शेजारीच उभी.

"डाक्टर, त्या दुधाला वास कसला येतोय?"

"वास येत न्हाई, अक्का."

"रंग?"

"पांढराच."

"मग चवीला?"

"काहीच कळत न्हाई. यंत्र लागतं त्याला."

"यंत्र कुनाकडं असतंय?"

"सरकारकडं."

"त्या सरकारनं लोकास्नी लगी सांगितलं का?"

"न्हाई. आधी दाबून ठेवलं म्हनतात."

"म्हंजी ज्यांनी दाबलं त्यांच्याकडंच यंत्र," अक्का म्हणाली आणि निघाली.

त्या दिवसापासून मी तिला बदललेली पाहिली. गुळाची ढेप उलटी करायची, वास घ्यायची, पण घेतल्यावर लगेच होकार द्यायची नाही. तशीच बसायची. जन्मभर नाक आणि जीभ यांच्यावर संसार केलेली बाई. तिला कुणीतरी सांगितलं होतं, की जगात असंही काही आहे की ज्याच्यापुढं हे दोन्ही बिनकामाचे.

पुढच्या साली दुष्काळ आणखी कडक झाला. गाईगुरं छावणीत. डेअरीत कॅनच्या तळाला जेमतेम दूध जमायचं. अशात अक्काची लेक सुमित्रा दिंद्रुडहून बाळंतपणाला आली. मुलगा झाला, बसू नाव ठेवलं. पण सुमित्राला दूध उतरेना, आणि जे होतं तेही पंधरवड्यात आटलं. शतावरी झाली, खसखशीची खीर झाली, काही नाही. मग अक्का वाटी घेऊन गावभर फिरली. ज्या बाईच्या दारात कुणी मागायला यायचं, ती दुसऱ्याच्या दारात. कुणाच्या शेळीचं घोटभर मिळायचं, कुणाच्या दारात नुसतं वाईट वाटून घ्यायचं. पोरगं रडून रडून निपचित पडायचं. त्याच्या टाळूला पडलेला खड्डा मी पाहिलाय.

त्याच आठवड्यात डेअरीत पोती आली. दुधाची पावडर. लेकुरवाळ्या बायांना आणि लहान लेकरांना फुकट वाटायची. पोत्यांवर परदेशी अक्षरं, आणि एका ठिकाणी काळ्या रंगाचा पट्टा मारलेला. पट्ट्याखाली काय होतं ते दिसत नव्हतं. सोसायटीचे चेअरमन भाऊसाहेब स्वतः उभे राहून वाटप करणार होते. मोठे बागाईतदार, मिशीला पीळ, गावात शब्द खाली पडत नसे. बाया भांडी घेऊन रांगेत, सुमित्रा बसूला घेऊन रांगेत. अक्का सरळ पोत्यापाशी गेली.

"भाऊसाहेब, हे आलं कुठनं?"

"वरनं आलंय, अक्का."

"वरनं म्हंजी?"

"वरनं म्हंजी वरनं! तालुक्याला जिल्ह्यावरनं, जिल्ह्याला मुंबईवरनं."

"आन् मुंबईला?"

"आता ते मला काय मालूम?"

"रशियात बी वरनंच आलतं," अक्का म्हणाली.

रांगेत कुणीतरी खुसकन हसलं. मागून एकजण ओरडली, "अक्का, टँकर परत धाडला तेवढं बास झालं. ही पोती तरी राहू दे!" मग सगळीच रांग हसली. भाऊसाहेबही हसले. अक्का नाही.

"ह्यो काळा पट्टा कशाचा?"

भाऊसाहेबांनी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "तसाच आलाय, अक्का." आणि खाली बघितलं. त्यांचं ते खाली बघणं मला तेव्हा दिसलं, आणि पुढं कितीतरी वर्षं दिसत राहिलं.

"भाऊसाहेब, तुमचा नातू बी तान्हाच हाय. त्याला हेच पाजताव का?"

आता हसू थांबलं. भाऊसाहेब म्हणाले, "आमच्या घरी म्हैस हाय."

"म्हंजी न्हाई."

भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी ह्यांच्याकडून पितळेचा पेला घेतला, मूठभर पावडर टाकली, पाणी ओतलं, बोटानंच ढवळलं आणि एका दमात प्याले. मिशी पुसली. "घ्या! मेलो का मी?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिकडं टाळ्या आणि इकडं अक्का पुटपुटली, मला एकटीला ऐकू आलं, "आज मरत न्हाई त्यानं. लई वर्सांनी कळतंय म्हनले डाक्टर."

तिनं सुमित्राचा दंड धरला. "चल घरी. आपून दुसरं बघू."

सुमित्रा मुळात शांत पोर, आईपुढं ब्र न काढणारी. ती जागची हलली नाही. म्हणाली, "आई, दुसरं कुठं हाय?"

"बघू म्हनलं ना."

"तू शक करीत बस. ह्याच्याकडं शक करायला येळ न्हाई."

आणि ती पुढं झाली. ह्यांनी पेल्यात दूध कालवून दिलं. ती तिथंच, डेअरीच्या भिंतीला टेकून, सगळ्या गावासमोर बसली आणि फडक्याचा बोळा बुडवून बसूच्या ओठांना लावला. पोरानं आधी तोंड फिरवलं. मग चोखायला लागलं. असं चोखलं की तो आवाज सगळ्या रांगेला ऐकू आला. अक्का उभी राहून बघत होती. मला वाटलं, आता पेला हिसकावून फेकते. तिनं फेकला नाही. तिनं सुमित्राच्या डोक्यावरचा पदर सरकला होता तो सारखा केला आणि घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले तर चूल पेटलेली, दूध कालवलेलं, आणि अक्का वाटीतून ते पीत बसलेली. जिला दूध पचत नाही म्हणून चहासुद्धा कोरा लागायचा ती. अर्धी वाटी ती प्याली, मग उरलेली सुमित्राकडं सरकवली.

मी म्हटलं, "अक्का, तुमीच म्हनता ना चवीनं कळत न्हाई? मग कावून पिता?"

"कळत न्हाईच की."

"मग?"

"मग काय? एकट्यानं पेऊ द्यायचं का त्याला?"

ती पोती संपेपर्यंत रोज ती आधी प्याली. पोट बिघडायचं, परसाकडच्या फेऱ्या व्हायच्या, तरी प्याली. माझीही लेकरं तेच दूध प्याली. आळीतली सगळीच प्याली. पोरं तगली, हे नाकारून चालायचं नाही. बसूच्या टाळूचा खड्डा भरला, गाल आले, पाऊस पडेस्तोवर तो रांगायला लागला. भाऊसाहेब भाषणात सांगायचे, की एकही लेकरू दगावू दिलं नाही. ते खरंच होतं. तरी त्यांच्या घरातलं पावडरीचं भांडं कुणी पाहिलं नाही, हेही खरंच.

पुढं मुंबईत परदेशी लोण्यातही तेच विष असेल म्हणून लोक कोर्टात गेल्याचं कानावर आलं. डॉक्टर म्हणाले, लोणी चांगलं आहे असा निकाल लागला. अक्का म्हणाली, "कुनाच्या यंत्रानं बघितलं?" डॉक्टरांनी गाडीला किक मारली.

मग काही वर्षांनी मीच तो घोळ केला. पुडीचा कागद वाचता वाचता मोठ्यानं वाचून गेले, की चेर्नोबिलच्या बाजूच्या लेकरांना नरड्यात गाठी यायला लागल्यात. अक्कानं तराजू खाली ठेवला. त्या दिवसापासून बसू सुट्टीला आला की अंगणातच उभा करायची, दोन बोटं त्याच्या नरड्याला लावायची आणि म्हणायची, "गिळ." पोरगं आवंढा गिळायचं. "पुन्यांदा." पुन्हा गिळायचं. मग जेवण.

बसू शिकला, सायन्सला गेला. एका सुट्टीत त्यानं तिला समजावलं, "आजी, नरड्यात बसतं ते इख लई दिस टिकत न्हाई. पावडर इकडं येईस्तोवर ते संपूनच गेल्यालं असनार."

"मग सगळंच संपतंय का?"

"न्हाई. दुसरं एक असतंय, ते जन्मभर टिकतंय. पर ते नरड्यात बसत न्हाई."

"तुला कुनी सांगितलं?"

"पुस्तकात हाय."

"पुस्तक आलं कुठनं?"

बसूनं हात जोडले आणि मान पुढं केली. "घे बाई, बघ."

हे गेले त्याच्या आधी आजारपणात मी एकदा विचारलं. म्हटलं, आता तरी सांगा, त्या काळ्या पट्ट्याखाली काय होतं? त्यांनी भिंतीकडं कूस बदलली. मग म्हणाले, "वरनं तसंच आलतं गं." त्यांना ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून सांगायचं नव्हतं, ते मला एवढ्या वर्षांच्या संसारात ओळखता आलं नाही. आणि असं बघा, त्या दुधानं कुणाला काही झालं असं मी म्हणूच शकत नाही. आमच्या आळीत दोन-चार माणसं अवेळी गेली. दुष्काळी गावात माणसं अवेळी जातातच. कोण कशानं गेलं हे सांगणारं यंत्र आमच्याकडं कधी आलं नाही.

अक्काला मी शेवटची पाहिली ती बसूच्या लग्नात, दिंद्रुडला. दुकान कधीच बंद झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू, लेकीकडंच राहायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घरात नुसत्या बायाबायाच, मधे नवरानवरी बसवलेले, थट्टामस्करी चाललेली. नाव घे, घास भरव, असलं सगळं. अक्का भिंतीला टेकून होती. तिनं हाक मारली, "बसू, हिकडं ये. आन् तिलाबी आन."

दोघं तिच्यापुढं वाकून बसले. तिनं चाचपत बसूचं नरडं शोधलं, दोन बोटं लावली. "गिळ." त्यानं हसत हसत आवंढा गिळला. मग तिनं नवरीचा हात ओढला, मेंदीचा, हिरव्या चुड्याचा, आणि तो बसूच्या गळ्यावर नेऊन ठेवला.

बायांनी हाऽऽ करून गिल्ला केला. "म्हातारी लई चावट निघाली गं!" "अगं, जरा रातीपुरतं राहू दे की!" पोरगी लाजून लाल झाली, हात काढायला बघत होती. अक्का तिचं मनगट सोडत नव्हती. सोप्यावरच्या सगळ्या बाया हसत होत्या. मी सुमित्राकडं बघितलं. तीही हसत नव्हती.

"रोज न्हाई," अक्का तिला हळू आवाजात सांगत होती, "पर अधनंमधनं बघत जा. हितं. आसं."

पोरगीनं अंदाज घेत बोटं दाबली. मग विचारलं, "आजी, काय लागलं पायजे हाताला?"

"काय बी न्हाई," अक्का म्हणाली. "काय बी लागलं न्हाई पायजे."